मेल गेटवेचा एक प्रश्न आणि त्याची तीन उत्तरं

त्या सोमवारी सकाळी साडेनऊला पहिला फोन विक्री विभागातून आला. रात्रीपासून एकही मेल आलेला नाही, सर्व्हर बंद आहे का? सर्व्हर चालू होता. त्याच्यापुढे बसवलेला सुरक्षा गेटवेही चालू होता, आणि खरा घोळ तिथेच होता. मध्यरात्री आमच्या डोमेन कंट्रोलरवरच्या, म्हणजे कंपनीतल्या माणसांची आणि पत्त्यांची यादी (डिरेक्टरी) सांभाळणाऱ्या सर्व्हरवरच्या, सर्टिफिकेटची म्हणजे त्याच्या डिजिटल ओळखपत्राची मुदत संपली होती. त्या क्षणापासून गेटवेला डिरेक्टरीशी बोलता येत नव्हतं. ‘डिरेक्टरी उत्तर देत नसेल तर बाहेरच्याला कोणता कोड पाठवायचा’ या रकान्यात कोणीतरी कधीकाळी ५५० भरून ठेवलं होतं. त्यामुळे साडेनऊ तास आमचा गेटवे येणाऱ्या प्रत्येक सर्व्हरला सांगत होता की या पत्त्यावर कोणी राहत नाही.

सर्टिफिकेट बदलायला वीस मिनिटं लागली. परत गेलेले मेल मात्र परत गेले ते गेलेच. एका पुरवठादाराने सुधारित दरपत्रक पाठवलं होतं, त्याला ‘अशी व्यक्ती नाही’ असं उत्तर मिळालं आणि त्याने आमच्या खरेदी अधिकाऱ्याला फोन करून विचारलं, तुम्ही नोकरी सोडलीत का? तेव्हापासून या कामात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हा विषय बसवून समजावतो. अवघड शब्द बाजूला ठेवले तर तो कोणालाही समजण्यासारखा आहे.

मेल येतो म्हणजे आधी दोन सर्व्हरमध्ये बोलणं होतं. बाहेरचा सर्व्हर जोडला जातो, स्वतःचं नाव सांगतो, पाठवणाऱ्याचा पत्ता सांगतो आणि मग ‘आरसीपीटी टू’ या आज्ञेने विचारतो की मेल अमक्यासाठी आहे, घेणार का? या क्षणी मेलचा मजकूर अजून आलेलाच नसतो. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. कुरिअरवाला म्हणतो, ‘बी ६०४, कुलकर्णी.’ वॉचमन इंटरकॉमवरून ऑफिसला विचारतो. ऑफिस सांगेल की हो, राहतात. किंवा सांगेल की या नावाचं कोणी नाही. किंवा फोन नुसता वाजत राहील. वॉचमन म्हणजे गेटवे, ऑफिस म्हणजे डिरेक्टरी, आणि इंटरकॉमवरची ती विचारणा म्हणजे लुकअप.

या तिन्ही परिस्थितींसाठी मेलच्या भाषेत वेगवेगळे आकडे ठरलेले आहेत. २५० म्हणजे चालेल, पाठव. ५५० म्हणजे कायमचा नकार, पुन्हा येऊ नकोस. आणि ४ ने सुरू होणारे आकडे, उदाहरणार्थ ४५१, म्हणजे आत्ता सांगता येत नाही, थोड्या वेळाने ये. पाठवणारा सर्व्हर ४५१ ऐकला की मेल स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मेलच्या मुख्य नियमपत्रिकेत, म्हणजे २००८ सालच्या आरएफसी ५३२१ मध्ये, दोन प्रयत्नांत किमान अर्धा तास जाऊ द्यावा आणि हार मानण्याआधी चार-पाच दिवस तरी वाट पाहावी असं म्हटलं आहे. आमच्याकडे त्या रात्री ५५० ऐवजी ४५१ असता, तर सकाळी दहानंतर सगळे मेल आपोआप येऊन पोचले असते आणि फार कोणाला पत्ताही लागला नसता.

काही जण विचारतात, गेटवरच एवढी चौकशी कशाला? सगळं आत घ्या, माणूस सापडला नाही तर मग परत पाठवा. इथेच मोठी मेख आहे. स्पॅम पाठवणारा ‘प्रेषक’ म्हणून जो पत्ता लिहितो तो बहुतेक वेळा चोरलेला असतो. एकदा मेल स्वीकारला की तो पोचवणं किंवा परत कळवणं ही आपली जबाबदारी होते. मग आपला सर्व्हर ‘तुमचा मेल पोचला नाही’ अशी चिठ्ठी त्या चोरलेल्या पत्त्यावर पाठवतो आणि ज्याने काही पाठवलंच नाही अशा माणसाच्या इनबॉक्समध्ये शेकडो चिठ्ठ्या पडतात. याला बॅकस्कॅटर म्हणतात. अशा चिठ्ठ्या उधळणाऱ्या सर्व्हरचा आयपी ब्लॅकलिस्टवर जातो आणि मग आपले खरे मेलही लोक घेईनासे होतात. गेटवरच ५५० दिला तर कळवण्याची जबाबदारी समोरच्या सर्व्हरवर राहते. शिवाय नसलेल्या माणसाच्या मेलसाठी व्हायरस तपासणीचा खर्चही होत नाही.

आता डिरेक्टरीकडे वळू. तिच्याशी बोलण्याची भाषा म्हणजे एलडॅप. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ती तयार झाली, १९९७ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली आणि आजही तीच चालते. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी २००० साली आली, तीही हीच भाषा बोलते. माहिती झाडासारखी मांडलेली असते आणि प्रत्येक नोंदीचा पत्ता लहानाकडून मोठ्याकडे लिहितात. आपण पाकिटावर मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा या क्रमाने लिहितो, अगदी तसाच. आधी माणसाचं नाव, मग विभाग, मग कंपनीचं डोमेन. गेटवेला ‘बेस डीएन’ भरायला सांगतात तेव्हा विचारलेलं असतं एवढंच की शोध कोणत्या फांदीपासून खाली घ्यायचा.

गेटवेला विचारणा करायची तर आधी स्वतःची ओळख द्यावी लागते. याला ‘बाइंड’ म्हणतात, आणि त्यासाठी एक वेगळं सर्व्हिस अकाउंट काढतात. त्याला फक्त वाचण्याचा अधिकार पुरतो. घाईत ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं आणि पासवर्ड गेटवेत भरलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. गेटवे हे इंटरनेटकडे तोंड करून उभं असलेलं यंत्र आहे. ते कोणाच्या हाती लागलं तर त्याच्यासोबत सगळ्या घराच्या किल्ल्या जाऊ नयेत, एवढं तरी करा.

या खात्याची दुसरी गोष्ट पासवर्डच्या मुदतीची. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत काही बदल केले नसतील तर पासवर्ड ४२ दिवसांनी संपतो. म्हणजे गेटवे बसवला, सगळं छान चाललं, बसवणारा निघून गेला, आणि बरोबर सहा आठवड्यांनी मेल बंद. लॉगमध्ये ‘एरर ४९’ दिसेल. हा आकडा फक्त ‘ओळख पटली नाही’ एवढंच सांगतो, पण त्याच ओळीत पुढे ‘डेटा’ या शब्दानंतर एक छोटा कोड असतो, तो वाचा. ५२ई असेल तर पासवर्ड किंवा नाव चुकलं आहे, ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ५३३ म्हणजे खातं बंद केलेलं आहे, ७७५ म्हणजे चुकीच्या प्रयत्नांमुळे ते लॉक झालं आहे. या चार कोडांनी माझे कितीतरी तास वाचवले आहेत. आणखी एक फसवी जागा आहे. नाव भरलं पण पासवर्डचा रकाना रिकामा राहिला, तर काही डिरेक्टरी ‘जोडणी यशस्वी’ असंच उत्तर देतात, कारण एलडॅपमध्ये नाव असून पासवर्ड रिकामा म्हणजे अनोळखी पाहुणा असा अर्थ होतो. पाहुण्याला आत घेतात, पण दाखवत काहीच नाहीत. ‘टेस्ट कनेक्शन’ हिरवं दिसतं आणि एकही माणूस सापडत नाही.

पोर्टचं, म्हणजे सर्व्हरवरच्या आकडा दिलेल्या दाराचं, फार अवघड नाही. ३८९ हा साधा पोर्ट, ६३६ वर सुरुवातीपासूनच सगळं कूटबद्ध असतं. ३८९ वर जोडून मग ‘स्टार्ट टीएलएस’ म्हणून कूटबद्ध होण्याचीही सोय आहे. कूटबद्ध न करता बाइंड केलं तर पासवर्ड तारेवरून उघडा जातो, त्यामुळे तो पर्याय सोडूनच द्या. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ च्या ऑगस्टमध्ये डोमेन कंट्रोलरवरच्या एलडॅप जोडण्या अधिक कडक करा अशी सूचना काढली होती. सर्टिफिकेटच्या बाबतीत नेहमी होणारी चूक म्हणजे गेटवेत सर्व्हरचं नाव न लिहिता आयपी लिहिणं. सर्टिफिकेटवर नाव असतं, आयपी सहसा नसतो. गेटवे नाव पडताळायला जातो, जुळत नाही, आणि जोडणी नाकारतो. मग वैतागून कोणीतरी पडताळणीच बंद करतो. त्यापेक्षा नाव लिहा. आणि मुदतीची तारीख कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या आठवणीसकट टाका, आमच्या त्या सोमवारची आठवण ठेवून.

मोठ्या कंपनीत एकापेक्षा जास्त डोमेन असतील तर ३८९ वरचा कंट्रोलर फक्त स्वतःच्या डोमेनचं सांगतो आणि बाकीच्यांसाठी ‘तिकडे विचारा’ असा हवाला देतो. बरेच गेटवे त्या हवाल्यामागे जात नाहीत. अशा वेळी ३२६८, आणि कूटबद्ध हवं असेल तर ३२६९, हा ग्लोबल कॅटलॉगचा पोर्ट वापरायचा. त्याच्याकडे सगळ्या डोमेनची थोडक्यात सूची असते.

आता मुख्य भाग, ज्याला फिल्टर म्हणतात. डिरेक्टरीला नेमकं काय विचारायचं ते वाक्य. बहुतेक जण पहिल्यांदा एवढंच लिहितात: (मेल=पत्ता). प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत लिहायचं आणि ‘पत्ता’च्या जागी गेटवेची खूण येते; पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये ती ‘%एस’ अशी असते. चाचणीसाठी स्वतःचा पत्ता टाकतात, सापडतो, आणि काम झालं असं समजतात.

आमच्याकडे एक सहकारी होत्या. लग्नाआधी त्यांचा पत्ता एस.जोशी असा होता, लग्नानंतर एस.कुलकर्णी झाला. आपल्याकडे दर दुसऱ्या ऑफिसात असं एखादं उदाहरण असेलच. ‘मेल’ या खान्यात एकच पत्ता मावतो, तिथे नवा आला. जुना पत्ता ‘प्रॉक्सीॲड्रेसेस’ नावाच्या दुसऱ्या खान्यात राहिला, जिथे एका माणसाचे कितीही पत्ते असू शकतात. त्या खान्यातल्या प्रत्येक पत्त्याआधी ‘एसएमटीपी’ आणि विसर्गासारखी दोन टिंबं असतात. कॅपिटल अक्षरांत एसएमटीपी लिहिलेला पत्ता मुख्य, स्मॉल अक्षरांतले जादा. आमचा फिल्टर फक्त ‘मेल’ बघत होता. दहा वर्षांपासूनचे ग्राहक जुन्या पत्त्यावर लिहीत होते आणि त्यांना उत्तर मिळत होतं की अशी व्यक्ती नाही. त्या मात्र बाजूच्याच टेबलावर बसून, हल्ली कोणी लिहीत नाही म्हणून काळजी करत होत्या. यात त्यांची काडीचीही चूक नव्हती. दोष आमच्या एका ओळीचा होता.

नीट फिल्टर असा होतो: (|(मेल=पत्ता)(प्रॉक्सीॲड्रेसेस=एसएमटीपी:पत्ता)). सुरुवातीची उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. यापैकी काहीही जुळलं तरी माणूस सापडला. कॅपिटल-स्मॉलची चिंता करू नका, ॲक्टिव्ह डिरेक्टरी या खान्यात तुलना करताना तो फरक मानत नाही, त्यामुळे एकाच ओळीत मुख्य आणि जादा दोन्ही पत्ते सापडतात.

यापुढची चूक ‘फक्त माणसंच शोध’ असं सांगण्याची. फिल्टरला ‘ऑब्जेक्टक्लास=यूझर’ अशी अट जोडली की डिस्ट्रिब्यूशन ग्रुप, म्हणजे एकाच पत्त्यावरून अनेकांना मेल पोचवणारे गट, गळतात, कारण ग्रुप म्हणजे यूझर नव्हे. विक्री, खरेदी, तक्रारी, अशा ज्या पत्त्यांवर बाहेरचे लोक सर्वांत जास्त लिहितात तेच बरेचदा ग्रुप असतात. बेस डीएनचंही तसंच. नीटनेटकेपणाच्या हौसेने ‘कर्मचारी’ या फांदीपुरताच शोध ठेवला, तर एक्स्चेंजचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरचे, पब्लिक फोल्डर (अनेकांनी मिळून वापरायचे फोल्डर) बाहेर राहतात. त्यांच्या नोंदी ‘मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सिस्टिम ऑब्जेक्ट्स’ नावाच्या वेगळ्याच फांदीवर लटकलेल्या असतात. माझं स्पष्ट मत असं की शोध डोमेनच्या बुंध्यापासूनच सुरू करावा आणि गाळणी फिल्टरमध्ये लावावी.

आणि बंद खाती? नोकरी सोडलेल्यांचे मेल कशाला घ्यायचे, हा विचार अगदी रास्त आहे. ‘यूझरअकाउंटकंट्रोल’ या खान्यात खातं बंद असल्याची खूण असते. साधं चालू खातं ५१२, तेच बंद केलं की ५१४. ती खूण बघून बंद खाती वगळता येतात. पण थांबा. एक्स्चेंजमध्ये ‘शेअर्ड मेलबॉक्स’ काढला, जो तीन-चार जण मिळून पाहतात, तर त्याच्या मागचं खातं बंदच असतं, कारण त्या खात्याने कोणी लॉगिन करायचं नसतं. बंद खाती सरसकट वगळली की त्याच दिवशी माहिती कक्षाचा, मदत कक्षाचा मेल परत जायला लागतो. एका ठिकाणी हा बदल शुक्रवारी संध्याकाळी झाला आणि ग्राहकांच्या तक्रारी कमी झाल्या म्हणून पुढचा आठवडाभर लोक समाधानात होते. तक्रारी कमी झाल्या नव्हत्या, गेटवरूनच परतत होत्या. सोडून गेलेल्यांसाठी योग्य मार्ग म्हणजे निरोपाच्या दिवशी त्यांचे मेल पत्तेच नोंदीतून काढणं, किंवा ते त्यांच्या जागी आलेल्या माणसाच्या नोंदीत जादा पत्ते म्हणून टाकणं. फिल्टरवर तो भार टाकू नका.

उलट बाजूची एक फट आहे. काही ग्रुप फक्त आतल्या लोकांसाठी असतात, समजा ‘सर्व कर्मचारी’. नोंद आहे, म्हणून गेटवे बाहेरच्याला हो म्हणतो. मग आतला एक्स्चेंज नाकारतो. आणि परत पाठवण्याची चिठ्ठी आपल्यालाच लिहावी लागते. म्हणजे पुन्हा बॅकस्कॅटर. अशा ग्रुपच्या नोंदीत ‘पाठवणाऱ्याची ओळख पटलेली हवी’ अशी खूण असते. ती फिल्टरमध्ये वगळण्यासाठी घातली की फट बुजते.

एलडॅपचा वापर इथेच संपत नाही. कोणता माणूस कोणत्या ग्रुपमध्ये आहे ते विचारून लेखा विभागाच्या मेलला जास्त कडक तपासणी लावता येते, क्वारंटाइन, म्हणजे गेटवेने अडवून ठेवलेले मेल, पाहायला येणाऱ्याचा पासवर्ड तपासता येतो. यात एकच लक्षात ठेवा: ग्रुपच्या आत ग्रुप असेल तर साधी विचारणा आतल्या ग्रुपमधल्या माणसाला ओळखत नाही, त्यासाठी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत वेगळा नियम सांगावा लागतो.

प्रत्येक मेलला डिरेक्टरीकडे धावायला नको म्हणून गेटवे उत्तरं काही काळ लक्षात ठेवतो, त्याला कॅशे म्हणतात. ‘हो’ लक्षात ठेवलं तर फारसं बिघडत नाही. ‘नाही’ लक्षात ठेवलं की पंचाईत होते. नवीन माणूस रुजू होणार म्हणून त्याने पत्ता आधीच दोघांना दिला, त्यांनी खातं तयार होण्याआधी एक मेल टाकून पाहिला, गेटवेने ‘नाही’ टिपून ठेवलं. नंतर खातं तयार झालं तरी कॅशेची मुदत संपेपर्यंत नकारच. त्यामुळे नकाराची मुदत काही मिनिटांचीच ठेवावी, होकाराची तासांची चालेल.

पण मग चोर नुसते विचारून विचारून आपल्या लोकांची यादी काढतील ना? हो, काढतात. ए.पाटील, बी.पाटील, सी.पाटील असं हजारो नावांनी विचारायचं आणि २५० कुठे येतो ते टिपायचं, याला डिरेक्टरी हार्वेस्ट म्हणतात. त्यावर काही जण उपाय करतात की सगळ्यांना हो म्हणायचं आणि नसलेल्यांचे मेल गुपचूप फेकून द्यायचे. मला हे पटत नाही. पत्त्यात एक अक्षर चुकवणारा साधा ग्राहक महिनाभर उत्तराची वाट पाहत बसतो आणि त्याला कधी कळतही नाही. त्यापेक्षा एका जोडणीत किंवा एका तासात ठरावीक संख्येपेक्षा जास्त चुकीचे पत्ते विचारणाऱ्याला तोडून टाकायचं. ही मर्यादा जवळपास प्रत्येक गेटवेत असते, ती चालू करा.

मेलबॉक्स क्लाउडवर असतील तर चित्र थोडं बदलतं. मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची डिरेक्टरी, एंट्रा आयडी, थेट एलडॅप बोलत नाही, तिथे गेटवे वेगळ्या मार्गाने यादी ओढून घेतो. गूगलकडे काही योजनांत एलडॅपची सोय आहे, त्यात ओळख पटवायला सर्टिफिकेट लागतं. यादी ओढणाऱ्या पद्धतीत ‘फोन उचलला नाही’ हा प्रकार वेगळ्या रूपात येतो: ओढणं थांबलं तर गेटवे शिळ्या यादीवर चालत राहतो आणि फक्त नवीन माणसं परत जातात. शेवटची यादी कधी आली ते रोज कोणीतरी पाहायला हवं.

आता पुन्हा त्या तिसऱ्या उत्तराकडे. डिरेक्टरीशी संपर्क तुटला तर काय करायचं, याचा रकाना प्रत्येक गेटवेत कुठेतरी खोल दडलेला असतो. सहसा दोन पर्याय दिसतात: सगळे मेल आत घ्या, किंवा अमुक कोड देऊन नाकारा. सगळे आत घेतले तर चोरांना मोकळं रान आणि बॅकस्कॅटरचा पूर. नाकारायचं असेल तर कोड ४५१च. पोस्टफिक्सला हे सांगावं लागत नाही, लुकअप फसला तर तो स्वतःच ४५१ देतो आणि ‘टेम्पररी लुकअप फेल्युअर’ असं लॉगमध्ये लिहितो. इतर ठिकाणी तपासून घ्या. शिवाय एकाऐवजी दोन डोमेन कंट्रोलरची नावं द्या, म्हणजे एक अपडेटसाठी बंद केला तरी दुसरा उत्तर देईल.

हे सगळं झाल्यावर मी नेहमी एक चाचणी घेतो, आणि ती भर दुपारी घेतो, सगळे जागेवर असताना. बाहेरच्या एखाद्या खासगी खात्यावरून सहा मेल पाठवायचे: एक साध्या पत्त्यावर, एक कोणाच्या तरी लग्नाआधीच्या पत्त्यावर, एक ग्रुपला, एक शेअर्ड मेलबॉक्सला, एक ‘सर्व कर्मचारी’ला आणि एक पूर्ण बनावट पत्त्यावर. पहिले चार पोचायला हवेत, शेवटचे दोन गेटवरच परतायला हवेत. मग फायरवॉलवर गेटवे ते दोन्ही डोमेन कंट्रोलर ही वाट मुद्दाम बंद करायची, कॅशे रिकामा करायचा, आणि साध्या पत्त्यावर आणखी एक मेल टाकायचा. लॉगची खिडकी उघडी ठेवून बसायचं. दहा-पंधरा सेकंद काहीच हलत नाही, कारण गेटवे दोन्ही फोन वाजवून पाहत असतो. मग ओळ उमटते. ती ५ ने सुरू झाली तर सगळं थांबवून तो रकाना शोधायचा. ४ ने सुरू झाली तर वाट मोकळी करायची आणि चहाला जायचं. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या रांगेतला तो मेल अर्ध्या-पाऊण तासात स्वतःहून पुन्हा गेटवर येतो आणि आत जातो.